लुगडं परत करायला निघालो तेव्हा

आईला कॅन्सर झाला हे साताऱ्यात आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं. फक्त आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. घरात तिला "गाठ" झाली होती. डॉक्टरांनी खरा शब्द आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, सांगितला होता आणि आबांनी तो मिरजेच्या दवाखान्यातच गिळून टाकला होता. मला तो शेजारच्या काकूंनी सांगितला आणि "आईला कळू देऊ नकोस" म्हणून बजावलं. आईला तो दवाखान्यातल्या एका नर्सनं आधीच सांगितला होता. म्हणजे आम्हा तिघांनाही तो ठाऊक होता आणि आम्ही तिघंही तो एकमेकांपासून लपवत होतो. घर दोन खोल्यांचं होतं, त्यामुळे हे काम सोपं नव्हतं.

दुसरं महायुद्ध नुकतं संपलं होतं. मी तेरा वर्षांची होते. आबांचं सायकलचं दुकान होतं. तासावर सायकली भाड्यानं द्यायच्या, पंक्चर काढायची, आऊट आलेली चाकं सरळ करायची, हा त्यांचा धंदा. चाक फिरवून कान लावला की आतली बेअरिंगची कुठली गोळी फुटली ते त्यांना कळायचं. आईच्या छातीतल्या गाठीबद्दल मात्र ती स्वतः होऊन बोलेपर्यंत त्यांना काहीच कळलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांनी स्वतःला कधी माफ केली नाही.

मिरजेला आईचा डावा स्तन काढला. ती घरी आली आणि चौथ्या दिवशी तिला ताप भरला. तो उतरेना. गल्लीतल्या डॉक्टरांनी आबांना अंगणात नेऊन सांगितलं, की कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. मग माणसं येऊ लागली. आमच्याकडे माणूस असा शेवटचा भेटायला येतो तेव्हा तसं म्हणत नाही. "सहज आलो होतो" म्हणतो. कोरेगावाहून, वाईहून, फलटणहून लोक सहज आले. बायका येताना नारळ आणायच्या आणि निजलेल्या आईची ओटी भरायच्या. पंधरा दिवसांत इतके नारळ झाले, की मी भाजीत नारळ, आमटीत नारळ आणि नुसता नारळ असं खाऊन काढलं. पुढं कित्येक वर्षं ओलं खोबरं खवलं की मला वाटायचं कुणीतरी चाललं.

सांगलीहून मामा आला. आईचा पाठचा एकुलता एक भाऊ. तो तिथं एका कापडाच्या दुकानात कामाला होता. त्यानं काखेतलं कागदात बांधलेलं पुडकं आबांच्या हातात दिलं, आईच्या उशाशी तासभर बसला, पाण्याच्या घोटाखेरीज काही न घेता उठला आणि गेला. एरवी मामा आला की दोन दिवस बोलणं थांबायचं नाही. तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी आईचा ताप उतरला. पाचव्या दिवशी तिनं भाकरी मागितली. माणसं यायची थांबली. काहींच्या तोंडावर मला थोडी पंचाईत झाल्यासारखी दिसली, कारण निरोप तर घेऊन झाला होता.

मामा मात्र त्यानंतर आलाच नाही. दिवाळी आली. भाऊबीजेला आईनं पाट मांडला, निरांजन लावलं आणि दिवेलागणीपर्यंत दाराकडं तोंड करून बसली. मग तिनं पाट उचलून ठेवला. "दुकानात गर्दी आसंल," एवढंच म्हणाली.

ऑपरेशननंतर तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. भिंतीशी उभं राहायचं आणि बोटं एकेक करत भिंतीवरून वर चढवायची. जिथवर पोचतील तिथं खूण करायची. आई रोज कोळशानं रेघ मारायची. दर वर्षी आबा त्याच भिंतीला पाठ लावून माझी उंची मोजायचे. त्या वर्षी माझी कुणी मोजली नाही, आईच्या हाताचीच मोजली. कार्तिकात हात कानापर्यंत आला, मार्गशीर्षात डोक्यापर्यंत. आबा दुकानातून आले की आधी भिंत बघायचे आणि मग हात धुवायचे.

भिंतीवर वर एक फळी होती. त्या फळीवर मोठी भांडी होती आणि भांड्यांच्या मागं मामाचं पुडकं होतं. आईचा हात तिथवर जात नाही म्हणून आबांनी ते तिथं लपवलं होतं. रोज तोच हात त्याच फळीकडं चढताना ते बघत होते, कौतुक करत होते, आणि ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. असे माझे वडील.

पौषातल्या एका दुपारी आईची बोटं फळीवर पोचली. मी समोर अभ्यासाला बसले होते. तिनं भांड्यामागं चाचपलं, पुडकं ओढलं आणि जमिनीवर बसून सोडलं. आत हिरवंगार नऊवारी लुगडं होतं, घडी न मोडलेलं. बरोबर खण, हिरव्या बांगड्या आणि हळदकुंकवाची पुडी.

आमच्यात बाई नवऱ्याच्या आधी गेली तर तिला हिरवं लुगडं नेसवून पाठवतात आणि ते माहेरानं आणायचं असतं. एरवी निरोप गेल्यावर माहेरचा माणूस ते घेऊन येतो. पण तेव्हा कापडाला रेशन होतं. नऊ वार लुगडं कुणाला मागितल्याबरोबर मिळत नव्हतं. मामाचा स्वभाव गाडीच्या आधी दोन तास स्टेशनात जाऊन बसणाऱ्यांतला. निरोप आल्यावर धावाधाव नको म्हणून त्यानं ते आधीच आणून दिलं होतं.

"आबांस्नी बलाव," आई म्हणाली.

आबा काळ्या हातांनी तसेच आले. जमिनीवरचं लुगडं बघून दारातच थांबले.

"ह्ये कशाला आनलं त्यानं?"

"आसंल... सणाला."

"कंच्या सणाला?"

आबा हातांकडं बघत राहिले.

"आवं, ह्यात माजं मढं जायाचं व्हतं का?"

"व्हय," आबा म्हणाले. कित्येक महिन्यांत आमच्या घरात बोललेलं ते पहिलं खरं वाक्य होतं. मला एकदम मोकळं वाटलं आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

आई रडली नाही. तिनं लुगड्याची घडी होती तशी घातली. "म्हनून भाऊबीजेला आला न्हाई. त्याच्या लेखी मी कवाच गेलीया," ती म्हणाली.

मी आबांना दुकानात जाऊन विचारलं की तुम्ही ते परत का नाही पाठवलं. आबांनी सगळी अडचण समजावून सांगितली. माहेरचं लुगडं परत पाठवलं तर नातं तुटतं. मढ्यासाठी आणलेलं जित्या बाईनं नेसायचं नाही. दुसऱ्या कुणाला द्यावं तर तिच्यावर संकट. जाळावं तर नवं कोरं कापड जाळायचं कसं, तेही रेशनच्या दिवसांत? त्यामुळे ते फळीवर होतं. आबांचं बोलणं इतकं पटण्यासारखं होतं की मी मुकाट्यानं परत आले.

आठ दिवसांनी जेवताना आई म्हणाली, "माघात मिरजेला दाखवायला बलावलंय. जाताना वाटंत सांगलीला ऱ्हाऊ. त्याचं लुगडं त्याच्या हातात दिऊन यीन म्हंते."

आबांचा घास हातातच राहिला. आईला माहेर म्हणून जे काही होतं, तो एवढा एक भाऊच होता. आईवडील गेलेले, बहीण नाही. लुगडं परत केलं की तोही संपला. हे आबांना कळत होतं, मलाही कळत होतं, आणि आईला तर सगळ्यात जास्त कळत असणार.

"आनी सायकलीवर जायाचं," आई पुढं म्हणाली.

"आगगाडी हाय की."

"आगगाडीनं गेल्या बारीला निजून ग्येले. डब्यातली समदी वाकून बगत व्हती. आता बसून जाईन."

आगगाडीतही बसून जाता येतं, हे तिला आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. सांगण्यासारखं तिचं तोंड नव्हतं.

दुकानात एक बायकी सायकल होती. देश सोडून निघालेल्या कुणा मडमेची, मध्ये दांडी नसलेली. ती भाड्यानं न्यायला कोणी तयार व्हायचं नाही. आबांनी तिचं सीट खाली घेतलं, हँडल वर घेतलं, डाव्या बाजूला मऊ मूठ बसवली. दुकानामागच्या मोकळ्या जागेत ते सीट धरून पळायचे आणि आई पायडल मारायची. नऊवारीचा कासोटा सायकलीसाठीच काढलाय असं मला तेव्हा वाटलं. गल्लीतल्या बायका परसदारी उभ्या राहून बघायच्या. "मरता मरता वाचली आनी आता हात मोडून घेतीया," असं एक जण बोलली. दुसरी म्हणाली, "डोक्यावर परिणाम झालाय." मला सायकल येते म्हणून आधीच माझं नाव खराब होतं, त्यामुळे आईच्या निमित्तानं माझं थोडं निभावलं.

ती तीन वेळा पडली. तिसऱ्या वेळी गुडघा फुटला. तिनं गुडघ्याकडं बघितलं आणि खूश झाली. "चांगलं रगत येतंय," म्हणाली.

माघाच्या सुरुवातीला आम्ही निघालो. पुढं आबा, मध्ये आई, मागं मी. आबांच्या कॅरिअरवर पंप, पाने, सोल्यूशन, ठिगळं आणि जास्तीच्या दोन ट्यूबा. त्यांत ट्यूब कमी आणि ठिगळं जास्त होती, कारण लढाईपासून नवी ट्यूब दिसली नव्हती. माझ्या कॅरिअरवर भाकऱ्या आणि अंथरूण. आईच्या कॅरिअरवर एकच बोचकं होतं आणि ते तिनं दुसऱ्या कुणाला बांधू दिलं नाही.

आबांनी नियम घातला होता, की दर तिसऱ्या मैलाच्या दगडाशी थांबायचं. आई दर तिसऱ्या दगडाशी थांबायची, सायकलीवरून उतरायची, पाणी प्यायची आणि मामाला काय बोलायचं ते मोठ्यानं म्हणून बघायची. "घे तुजं लुगडं. मी मेले न्हाई. आनी मरीन तवा तुला कळवनार न्हाई." नागठाण्यापर्यंत ते वाक्य लांब होतं. अतीतपर्यंत तिनं त्यातलं मधलं काढलं. उंब्रजला मुक्कामाला पोचेपर्यंत ते आबांचं आणि माझं पाठ झालं होतं. मला तर झोपेतसुद्धा ते म्हणता आलं असतं.

वाटेतले लोक थांबवून विचारत. एक म्हातारा बैलगाडी उभी करून आबांना म्हणाला, "पाव्हणं, बाईमाणसाला आसं का दामटताय?" आबा म्हणाले, "मी न्हाई वो, ती मला दामटतीया." म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याला ते पटलं असावं. त्याच्याही घरी बायको असेल.

कऱ्हाडच्या संगमावर आईनं पाण्यात पाय सोडले आणि तासभर उठली नाही. डावा दंड सुजला होता. आबांनी विचारलं, "हितनं गाडी बगू का?" ती म्हणाली, "टायरात हवा बगा." आबांनी हवा बघितली. आई म्हणेल ती गोष्ट करत राहणं, एवढाच औषधोपचार त्यांना येत होता आणि तो ते नीट करत होते.

कासेगावच्या पुढं रस्त्याकडेला गुऱ्हाळ चालू होतं. तिथल्या बाईनं आम्हाला हाक मारून रस दिला. आई उजव्या हातात तांब्या धरून, डावा हात मांडीवर ठेवून बसली होती. त्या बाईनं सरळ विचारलं, "हाताला काय झालंया?"

आबा घाईघाईनं म्हणाले, "पडली व्हती."

"न्हाई," आई म्हणाली. "कॅन्सर झाला व्हता. मिरजंला डावं थान कापलं माजं."

मी रसाच्या तांब्यात तोंड घातलं. आबांनी आभाळाकडं बघितलं. घरात सहा महिने आम्ही ज्याच्याभोवती पाय न वाजवता फिरत होतो, ते तिनं गुऱ्हाळावर चार गडी आणि दोन बैलांदेखत सांगून टाकलं होतं. त्या बाईनं रसाचं भांडं पुन्हा उचललं. मग म्हणाली, "बरं. आनीक रस घ्या की मग." आईनं घेतला. पुढच्या तीन मैलांत ती मला दोनदा म्हणाली, की बाई चांगली होती.

इस्लामपूर, आष्टा झालं. चौथ्या दिवशी दुपारी कृष्णेच्या पुलाच्या अलीकडं सांगली संस्थानाचा नाका आला. नाकेदारानं आमचं सामान उघडायला लावलं. पंप बघितला, ट्यूबा बघितल्या, भाकरी हुंगून बघितली. मग आईचं बोचकं सोडलं.

"ह्ये नवं लुगडं हाय."

"व्हय."

"नवं कापड परवान्याबिगर हद्दीत न्हेता येत न्हाई. इकायला चाललाय का?"

"न्हाई."

"मग कुनासाठी?"

"मढ्यासाठी," आई म्हणाली.

नाकेदाराचा आवाज एकदम उतरला. "कुटं हाय मढं?"

"ह्ये काय, तुमच्याम्होरं हुबं हाय."

त्यानं आईकडं बघितलं, मडमेच्या सायकलीकडं बघितलं, मग आबांकडं बघितलं. आबांना राहवलं नाही. त्यांनी गाठीपासून फळीपर्यंत सगळी हकिकत त्या परक्या माणसाला उन्हात उभं राहून सांगितली. आबांना एवढं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "मला वाटलं व्हतं ती जाती," शेवटी म्हणाले आणि थांबले.

नाकेदार थोडा वेळ मिशी ओढत बसला. कायदा मोडायची त्याची तयारी नव्हती आणि लुगडं धरून ठेवायचीही नव्हती. मग त्याला सुचलं. "नेसलेलं कापड आमी धरत न्हाई," तो म्हणाला. "आता त्ये कुनी आन कसं नेसायचं, ते तुमी बगा. माजी खोली हाय तिकडं."

आबा म्हणाले, "नगं. परत फिरू. लुगडं हितंच ऱ्हाऊ दे."

आईनं लुगडं उचललं आणि खोलीत गेली. मला हाक मारली, कारण तिचा डावा हात अजून पाठीमागं वळत नव्हता आणि कासोटा खोचायला कुणीतरी हवं होतं. अंगावरचं तिनं सोडलं. तेव्हा मी तो जखमेचा वण प्रथमच उजेडात बघितला. मग कोरी घडी मोडली. कापड कडक होतं, त्याचा खळीचा वास खोलीभर झाला. मेल्यावर हिला कुणीतरी असंच नेसवलं असतं, दोघी-तिघींनी मिळून, आणि मी बाहेर बसले असते, एवढंच माझ्या डोक्यात येत होतं. मी भोकाड पसरलं.

"कासोटा घट खोच," आई म्हणाली. "चेनीत जाईल."

मी रडत रडत घट्ट खोचला. ती बाहेर आली तेव्हा आबांनी एकदा बघितलं आणि पंक्चर नसलेलं चाक तपासायला खाली बसले. नाकेदारानं दुसरीकडं तोंड करून नाक्याचा आडवा दांडा वर केला. पुलावर वारा होता. हिरवा पदर फडफडत होता आणि आई कुणाकडं न बघता पायडल मारत होती. पूल संपेपर्यंत मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. पूल संपला आणि ती होती. मग पेठेतल्या वळणावर काठ चेनीला लागलाच आणि टाचेजवळ ग्रीसचा काळा पट्टा उमटला. तो बघून मला फार बरं वाटलं. ग्रीस लागलेलं लुगडं नेसून कुणी सरणावर जात नाही.

मामा घराच्या पायरीवर बसला होता. त्यानं हिरवं लुगडं सायकलीवरून येताना बघितलं. तो उभा राहिला. मग बसला. मग पुन्हा उभा राहिला आणि दाराची चौकट धरली.

आई उतरली. सायकल आबांच्या हातात दिली. मी आणि आबा तिच्या मागं उभे होतो. "घे तुजं लुगडं" हे आता येणार म्हणून आमचे दोघांचेही ओठ हलायला लागले होते.

तेवढ्यात मामी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिच्या अंगावरचं लुगडं दोन फाटक्या लुगड्यांचे चांगले भाग जोडून केलेलं होतं. वरचं तांबडं, खालचं जांभळं, आणि मध्ये शिवणीचा दंड. कापडाच्या दुकानात काम करणाऱ्याची बायको. मामाच्या धोतराला गुडघ्यावर ठिगळ होतं, आणि ठिगळालाही ठिगळ होतं.

आईचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. ती मामीकडं बघत होती. आबा ट्यूब बघतात तशी, कुठं कुठं जोडलंय ते.

"वैनी, रेशनचं कापड न्हाई का मिळालं तुमाला?"

मामीनं मामाकडं बघितलं. मग खाली बघितलं. "मिळालं की. औंदाचं दोगांचं समदं त्यातच ग्येलं, वन्सं," ती म्हणाली आणि आईच्या अंगावरच्या लुगड्याकडं बोट केलं.

मग मामा बोलायला लागला, आणि एकदा लागला तो थांबेना. "आक्का, तू जानार म्हनून न्हाई गं आनलं. तू जुनेरात जाऊ नगंस म्हनून आनलं. सांगलीभर हिंडलो. आनी तू वाचलीस आसं कळलं, तवा मला पयलं काय आठिवलं? त्ये लुगडं. आनंद न्हाई झाला मला, भ्या वाटलं. मीच तुजं मराण घरात आनून ठेवलं आसं वाटलं. भाऊबीजेला निगालो व्हतो. स्टेशनावर जाऊन माघारी आलो. कंच्या तोंडानं ओवाळून घिऊ?"

माझा मामावर भाऊबीजेपासून तीन महिने राग होता. तो तिथल्या तिथं गेला. आईचा गेला की नाही ते मला कळेना. तिनं पदराचं टोक हातात घेतलं, ते चुरून बघितलं. "सूत चांगलं हाय," म्हणाली. "आता घरात घेतोस का, का हितंच हुबं करतोस?"

मामीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आम्ही घरात गेलो.

सत्तर-पंचाहत्तर मैल पाठ केलेलं ते वाक्य तिनं तिथं बोललंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हिरवं लुगडं धुवून वाळत टाकलं, आपलं जुनं नेसलं आणि दुपारी ते मामीच्या पुढ्यात ठेवलं. मामी मागं सरली. "मढ्याचं" हा शब्द तिच्या तोंडावर आला होता, पण ननंदेपुढं बोलायची सोय नव्हती.

"नेसा," आई म्हणाली. "माज्या अंगावरचं हाय. सायकल चालवून मळलंय. काळं काय निगालं न्हाई, तेवढं चालवून घ्या."

मामीनं त्या काळ्या पट्ट्याला हात लावून बघितला आणि नेसली. अंगाला नवं कापड लागल्यावर बाई जशी थोडी ताठ होते तशी झाली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मिरजेला गेलो. मामा-मामी टांग्यात, आम्ही तिघं सायकलींवर. लुगड्याचं झालं होतं, पण ज्यासाठी खरं बोलावलं होतं ते राहिलंच होतं. गाठ पुन्हा आली असेल तर डॉक्टर हात लावून सांगणार होते, आणि तसं झालं तर आता कापण्यासारखं काही उरलं नाही, हे मला आबांच्या तोंडावर दिसत होतं. आई आणि मामी आत गेल्या. आम्ही व्हरांड्यात बाकावर बसलो. मी फरशीचे चौकोन मोजले, दोनदा, आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं.

डॉक्टर आईबरोबरच बाहेर आले. "कुठंही गाठ नाही," म्हणाले. "हातसुद्धा चांगला वर जातो. काय केलंत?"

"सायकल चालिवली," आई म्हणाली.

"कुठपर्यंत?"

"साताऱ्यापासनं हितंपर्यंत."

डॉक्टरांनी आबांकडं जसं बघितलं तसं त्या नाकेदारानंही बघितलं नव्हतं. "सहा महिन्यांनी पुन्हा या," ते म्हणाले. "आगगाडीनं या." आणि पुढच्या रोग्याकडं गेले.

तेव्हा मामा फुटला. हुंदके नव्हेत. त्यानं बाकावरून खाली बसून, दोन्ही हात डोक्यावर घेऊन असा हंबरडा फोडला की व्हरांड्याच्या टोकापर्यंतचे लोक उठून उभे राहिले. असं रडणं लोकांना ओळखू येतं. बायका तोंडाला पदर लावून जवळ आल्या. कुणी पाणी आणलं. आटपाडीकडची एक धनगराची म्हातारी, अंगावर घोंगडं घेतलेली, मामाच्या शेजारी खाली बसली आणि तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं. "रड बाबा, रड," ती म्हणाली. "कोन ग्येलं तुजं?"

मामाला धड बोलता येत नव्हतं. "भन," एवढंच तो म्हणाला. "भन माजी."

भोवतीच्या बायकांनी हळहळ केली. आबा काहीतरी सांगायला पुढं झाले आणि तेही डोळे पुसू लागले. मग आई गर्दीतून वाट काढत आत आली आणि मामाच्या दुसऱ्या बाजूला फरशीवर बसली.

"आजी, त्याची भन मीच," ती म्हणाली. "मी ग्येले न्हाई. मी हाय."

म्हातारीनं तिच्याकडं निरखून बघितलं. "मग ह्यो का रडतूया?"

"त्याचं रडायचं ऱ्हायलं व्हतं," आई म्हणाली. गाठ हाताला लागल्या दिवसापासून त्या दुपारपर्यंत ती कधी रडली नव्हती. ती म्हातारीच्या घोंगड्यात तोंड घालून रडायला लागली, आणि आम्ही कुणी तिला गप्प केलं नाही.